पहारा फक्त गिऱ्हाइकावर

अध्यक्षांनी माझी ओळख 'गेमिंगचे अभ्यासक' अशी करून दिली. हे वाक्य त्यांनी एकदा आमच्या घरी येऊन म्हणावं, एवढीच विनंती. घरी ह्याच अभ्यासाला वेगळं नाव आहे.

तर विषय आहे 'कुलपाला मुदत हवी'. गेम विकणाऱ्या कंपन्या गेमला जे डिजिटल कुलूप घालतात, ज्याला आपण सगळे डीआरएम म्हणतो, त्यावर एक्स्पायरी डेट छापलेली असावी, असं माझं म्हणणं आहे. ते मी शेवटी सविस्तर मांडणार आहे. आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. पुढच्या रांगेतले काही जण आत्ताच हसले. त्यांना माझी 'थोडी' माहीत आहे.

पार्श्वभूमीतली मुख्य गोष्ट साधीच आहे. हे कुलूप म्हणजे गेममधलीच एक तपासणी, ही प्रत अस्सल की चोरटी ते पाहणारी. चोरून खेळणाऱ्याच्या हातात गेम पडतो तेव्हा त्यातली ही तपासणी कोणीतरी आधीच कापून काढलेली असते. म्हणजे ती तपासणी चालते कुठे? ज्यानं पैसे मोजले त्याच्या मशीनवर, आणि फक्त तिथंच. तपासणीत बिघाड झाला, सर्व्हर बसला, कंपनी बुडाली, काहीही झालं तरी भोगायचं गिऱ्हाइकानं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथं संन्याशानं फाशीच्या दोराचे पैसेही भरलेले असतात.

हे आजचं नाही बरं का. 1985च्या सुमारास 'एलिट' नावाचा गेम स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवर आला, तेव्हा खोक्यात लेन्सलॉक नावाची प्लॅस्टिकची भिंग यायची. पडद्यावर दोन अक्षरं चिरफाळून दाखवलेली असत. ही भिंग टीव्हीच्या काचेला लावून, एक डोळा मिटून पाहिलं की ती जुळून दिसायची. निदान दिसावीत अशी अपेक्षा होती. त्याआधी पडद्यावरची आकृती भिंगेच्या मापाची करून घ्यावी लागे. टीव्ही फार मोठा असला तर माप जुळेना, फार लहान असला तरी जुळेना. काही खोक्यांत तर भलत्याच गेमची भिंग गेली होती. विचार करा, पोरगं टीव्हीला नाक लावून बसलंय, हातात प्लॅस्टिकचा तुकडा, आणि ते सिद्ध काय करतंय? तर मी चोर नाही.

आता माझं गाऱ्हाणं. हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो, त्यामुळे ज्यांनी ऐकलंय त्यांनी पाणी पिऊन यायला हरकत नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण आज तिथं बसलेल्या बिचाऱ्यांचा ह्यात काही दोष नाही.

खोक्यातला गेम घेतला होता, रीतसर. आत छोटी पुस्तिका, पुस्तिकेच्या मागच्या पानावर कोड. गेम टाकला की तो इंटरनेटवरून कंपनीला विचारणार, 'हा कोड खरा का?' ह्याला म्हणायचं ॲक्टिव्हेशन. मात्र ही ॲक्टिव्हेशन्स मोजून मिळायची. नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, की कंपनीच्या हिशेबी तो नवा कॉम्प्युटर. विंडोज फॉरमॅट केलं, पुन्हा नवा कॉम्प्युटर. मला सतत काहीतरी उघडून बसायची खोड, त्यामुळे कोटा लवकरच संपला. पडद्यावर सूचना आली की ग्राहक सेवेशी संपर्क साधा.

साधला. त्यांनी एक तक्रार क्रमांक दिला आणि सांगितलं, हा क्रमांक पुस्तिकेवर, कोडच्या शेजारी, स्वतःच्या हातानं पेनानं लिहा आणि फोटो पाठवा. आता पुस्तिका गुळगुळीत कागदाची. पेन चालेना. शेवटी मार्कर आणला आणि लिहिलं. उत्तर आलं, तुमचं अक्षर कोडवर आलंय, कोड वाचता येत नाही. कोड त्यांनीच छापलेला, त्यांच्याच यादीत असलेला! तो मी त्यांना आधीच टाइप करून पाठवला होता. पण नाही, फोटोतच वाचता यायला हवा. मग स्पिरिटनं पुसलं. मार्कर गेला आणि त्याच्याबरोबर कोडातली दोन अक्षरंही गेली. त्यानंतर बिलाची प्रत मागितली. ती दिल्यावर पत्र आलं, 'अपवाद म्हणून, या एका वेळेपुरतं' आणखी एक ॲक्टिव्हेशन देत आहोत. सवलत! माझ्या गेमवर मला! आणि तोच गेम चोरून घेतलेला माझा मित्र ह्या सगळ्या काळात मला फोन करून विचारायचा, 'अरे, शेवटच्या बॉसला कसं मारायचं?' मला काय माहीत, मी मार्कर पुसत होतो.

हे माझं एकट्याचंच रडगाणं असतं तर सोडून दिलं असतं. 2008मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा 'स्पोर' आला, ॲक्टिव्हेशन फक्त तीन. लोकांनी ॲमेझॉनवर एका ताऱ्याच्या परीक्षणांचा असा पाऊस पाडला, की कंपनीला तिनाचे पाच करावे लागले. आणि टोरंटच्या, म्हणजे लोक आपसांत फाइली वाटून घेतात त्या जाळ्याच्या, बातम्या देणाऱ्या साइटच्या मोजणीत त्या वर्षी सर्वाधिक उतरवला गेलेला गेम कुठला? स्पोरच. 17 लाख डाउनलोड. कुलूप इतकं भक्कम होतं, की फक्त विकत घेणारेच बाहेर राहिले.

त्याच वर्षीचा माझा सगळ्यांत लाडका किस्सा युबिसॉफ्टच्या 'रेनबो सिक्स व्हेगास 2'चा. काही लोकांनी हा गेम इंटरनेटवरून विकत घेतला होता, म्हणजे हातात डिस्क नाही. कंपनीनं एक पॅच, म्हणजे गेमला लावायचं दुरुस्तीचं ठिगळ, काढला. तो टाकल्यावर गेम म्हणू लागला, ड्राइव्हमध्ये डिस्क घाला. कुठून घालणार? तक्रारी झाल्या. मग कंपनीनं अधिकृतपणे एक फाइल दिली, ही टाका, चालेल. टाकली, चालली. पण गेमर मंडळी चौकस. कोणीतरी ती फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलच्या पोटातला कच्चा मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली. आत सही सापडली, 'रीलोडेड'. म्हणजे कुलपं तोडणारी प्रसिद्ध टोळी! कंपनीनं स्वतःचं कुलूप उघडायला चोरांचीच किल्ली गिऱ्हाइकांना वाटली होती. बोभाटा झाल्यावर ती फाइल गुपचूप काढून घेतली. मला त्या टोळीचं वाईट वाटतं. बिचाऱ्यांच्या कामाची अशी चोरी!

चोरांना हसतखेळत छळणाऱ्यांचं मात्र मला कौतुक आहे. 'सेटलर्स 3'च्या चोरट्या प्रतीत लोखंडाच्या भट्टीतून लोखंडाऐवजी डुकरं बाहेर पडायची. लोखंड नाही तर शस्त्रं नाहीत, शस्त्रं नाहीत तर सैन्य नाही, नुसती डुकरं. सुंदर कल्पना. फक्त तपासणी चुकली, की तीच डुकरं माझ्या भट्टीतून निघणार, एवढीच धास्ती.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिली आहे. दहा मिनिटं. ठीक आहे, भराभर घेतो.

सर्व्हरचं सगळ्यांना ठाऊकच आहे. मार्च 2010मध्ये 'असॅसिन्स क्रीड 2' पीसीवर आला तो सतत इंटरनेट हवं अशा अटीवर, एकट्यानं खेळायचा गेम असूनही. पहिल्याच आठवड्यात युबिसॉफ्टच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले लोक घरी हात चोळत बसले. 2013मध्ये 'सिमसिटी'चं तेच. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणाली, शहराची गणितं आमच्या सर्व्हरवर होतात, त्याशिवाय गेम चालणारच नाही. एका मॉडरनं, म्हणजे हौसेनं गेममध्ये फेरफार करणाऱ्यानं, लगेच ऑफलाइन चालवून दाखवलं. वर्षभरानं कंपनीनंच ऑफलाइन मोड दिला.

दुसरं, कुलूप गेमपेक्षा आधी म्हातारं होतं. सेफडिस्क, सेक्युरॉम ही जुनी कुलपं विंडोज 10नं 2015मध्ये बादच केली. सेफडिस्कचा ड्रायव्हर थेट सिस्टिमच्या गाभ्यात बसायचा, म्हणजे घुसखोराला आयतं दार, म्हणून मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी तो जुन्या विंडोजवरही बंद करून टाकला. निर्णय योग्य होता. पण कपाटातल्या अस्सल डिस्का क्षणात चहाच्या कपाखाली ठेवायच्या झाल्या. 2021मध्ये इंटेलचे दोन प्रकारचे, लहान आणि मोठे, कोअर (म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग) असलेले प्रोसेसर आले, तेव्हा काही कुलपांना वाटलं की लहान कोअर म्हणजे दुसराच कॉम्प्युटर! इंटेलनं 50हून अधिक गेम्सची यादी काढली आणि उपाय सांगितला: बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन एक सेटिंग चालू करा, मग स्क्रोल लॉक दाबा, लहान कोअर झोपतील. स्क्रोल लॉक हे बटण कशासाठी असतं, ते मला तेव्हा कळलं. त्याच वर्षी 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज' अडखळत चालत होता आणि कुलूप तोडलेली प्रत मात्र सुरळीत पळत होती. तज्ज्ञांनी दोन्ही मोजून दाखवल्यावर कॅपकॉमनं दुरुस्ती काढली.

दोन मिनिटं? आत्ता तर दहा म्हणाला होतात! बरं.

तर मूळ मुद्दा. कुलूप अजिबात नको असं मी म्हणत नाही, कारण कंपन्यांचं नुकसान खरं आहे. डेनुव्हो हे सध्याचं सगळ्यांत चिवट कुलूप. त्याच्यावर 2024मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की पहिल्याच आठवड्यात कुलूप तुटलं तर उत्पन्न सरासरी 20 टक्क्यांनी घटतं. पण बारा आठवड्यांनंतर तुटलं तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणजे कुलपाचं काम तीन महिन्यांचं. त्यानंतर ते कोणासाठी लावून ठेवायचं? काही कंपन्या काढतातही. 2016च्या मे महिन्यात आलेल्या 'डूम'मधून डेनुव्हो त्याच डिसेंबरात गेलं. पण हे त्यांच्या मर्जीवर. मला हवंय ते खोक्यावर, किंवा खरेदीच्या पानावर, तारीख टाकून.

आणि सर्व्हर बंद करायचा असेल तर आधी शेवटचा पॅच द्या, गेम सर्व्हरशिवाय चालेल असा. 2014चा 'द क्रू' 31 मार्च 2024ला बंद झाला. त्यात एकट्यानं खेळायचा भाग होता, तोही गेला. त्यावरूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. कॅलिफोर्नियात 2025पासून कायदा लागू झालाय, की तुम्ही गेमचा परवानाच घेताय हे विकतानाच स्पष्ट सांगायचं. सांगणं ठीक, पण सांगितल्यानं गेम चालू होत नाही.

परत विकण्याचा हक्क आणि जुने गेम जतन करणाऱ्या संग्रहालयांची अडचण हे दोन मुद्दे राहिले. माईक काढून घेताय, तर ते प्रश्नोत्तरांत घेऊ. पहिला प्रश्न कोणीतरी त्यावरच विचारा, म्हणजे झालं.