बिलात न दिसणारे तास

स्क्रीनवर दिसतोय तो एका फ्रीलान्सरचा आठवडा आहे. कुठल्याही फ्रीलान्सरचा धरा, डिझाइन करणारी असेल, भाषांतर करणारा असेल, व्हिडिओ एडिट करणारी असेल, कोड लिहिणारा असेल. हिरवे रकाने म्हणजे ज्या तासांचे पैसे मिळतात ते, आणि राखाडी म्हणजे बाकी सगळं. आता राखाडी किती आहे ते नीट बघा. त्यात नवीन क्लायंटबरोबरचे कॉल आहेत, कोटेशन बनवणं आहे, इनव्हॉइस पाठवणं आहे, अडकलेल्या पेमेंटचा फॉलोअप आहे, नवीन सॉफ्टवेअर शिकायला घातलेली अख्खी संध्याकाळ आहे, आणि "हे काम कराल का" असं विचारून नंतर गायब झालेल्या माणसाला पाठवलेला लांबलचक ईमेल पण आहे.

फ्रीलान्सिंगचा विषय निघाला की सगळे हिरव्या रकान्यांवरच बोलतात, स्किल वाढवा, पोर्टफोलिओ चकाचक करा, वगैरे. ते हवंच, त्यात वाद नाही. पण माझं ठाम मत आहे की स्वतःच्या जिवावर काम करणाऱ्याचं करिअर टिकणार की नाही हे राखाडी रकान्यांमध्ये ठरतं. ते तास कामाचेच आहेत असं मानून जो काम करतो तो तगतो, आणि जो त्यांना मधली कटकट समजतो तो हात कितीही चांगला असला तरी दमून जातो.

रेटपासून सुरू करू, कारण पहिली गडबड तिथेच होते. बहुतेक जण काय करतात, जुना पगार घेतात, महिन्यातल्या २२ दिवसांनी भागतात, वर थोडंसं टाकतात आणि क्लायंटला सांगून मोकळे होतात. समजा पगार १०० होता, चलन कुठलं ते सोडा, नुसते १००. दिवसाचे झाले साडेचार. ऐकायला बरोबर वाटतं. आता वर्षाचा हिशोब मांडू. ३६५ दिवसांतून शनिवार-रविवारचे १०४ गेले, सुट्ट्या आणि आजारपण मिळून अजून ३० गेले, उरले साधारण २३०, म्हणजे ४६ आठवडे. आठवड्यातले तीन दिवस पैशाचं काम आणि दोन दिवस राखाडी काम असं धरलं, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी हे पण जरा आशावादीच आहे, तर विकता येतील असे दिवस राहतात १३८. आता खर्चाची बाजू. १०० चे वर्षाला १२००, शिवाय आधी कंपनी जे भरत होती ते सगळं, मशीन, सॉफ्टवेअर, विमा, म्हातारपणाची तरतूद, आता आपल्याच खिशातून जाणार, त्याचे ३०० धरा. १५०० भागिले १३८. दिवसाचे जवळपास ११.

कुठे साडेचार आणि कुठे ११! आणि हा काही श्रीमंत व्हायचा रेट नाहीये, आधी जसं घर चालत होतं तसंच चालवायचा रेट आहे, रिकामे गेलेले महिने तर यात धरलेलेच नाहीत. हा हिशोब क्लायंटला दाखवायची गरज नसते, तो आपल्यासाठी असतो, म्हणजे समोरून "एवढे कशाचे?" आलं की लगेच आकडा खाली आणायची घाई होत नाही.

मग प्रश्न येतो, तासावर घ्यायचे की कामाचे मिळून एकदम ठरवायचे. तासावर घेतले की एक विचित्र गोष्ट होते, तुम्ही जितके सफाईदार होता तितके कमी पैसे मिळतात, कारण जे काम आधी दहा तास खायचं ते आता चार तासांत होतं. म्हणून अनुभव आला की बरेच जण पूर्ण कामाचा एकच आकडा सांगायला लागतात. तिथे दुसरा खड्डा आहे, अंदाजाचा. १९९४ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, कधी पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळंच्या सगळं बिघडलं तर? तेव्हा सुमारे ४९. आणि प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट काय होईल याचा अंदाज पण कमीच पडला. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी माणसाची ही खोड १९७९ मध्येच नोंदवून ठेवली होती, आणि त्यावरचा त्यांचा उपाय फ्रीलान्सरला अगदी लागू पडतो, समोरच्या कामाकडे बघून अंदाज बांधू नका, तसलीच जुनी कामं प्रत्यक्ष किती दिवसांत झाली ते बघा. त्यासाठी जुन्या कामांची नोंद पाहिजे ना! म्हणून पैसे तासावर घेत नसाल तरी तास लिहून ठेवा, प्रत्येक कामाचे, कॉलसकट, ईमेलसकट. वर्षभराने ती फाइल सोन्यासारखी वाटते.

अंदाज चुकायचं अजून एक कारण म्हणजे काम वाढत जाणं. "जरा एवढंच बदला ना", "अजून एक छोटं व्हर्जन मिळेल का", "आमच्या सरांना पण एकदा दाखवते". यात कोणी कोणाला फसवत नसतं बरं का, क्लायंटला बिचाऱ्याला खरंच वाटत असतं की हे दोन मिनिटांचं काम आहे. म्हणून सुरुवातीलाच लिहून घ्यायचं, अगदी साध्या ईमेलमध्ये चालतं, काय काय देणार, काय देणार नाही, किती रिव्हिजन धरल्यात, त्यापुढच्या प्रत्येक रिव्हिजनला किती पडतील, आणि शेवटी हो म्हणायचा अधिकार कोणाकडे आहे. हे शेवटचं लोक हमखास विसरतात आणि मग चार जणांचे चार अभिप्राय येतात, एकाला निळा हवा असतो, दुसऱ्याला निळा सोडून काहीही. एक माणूस ठरवा, सगळ्यांचे मुद्दे त्याने गोळा करून एकदम पाठवायचे. काम वाढलं तर नाही म्हणायचीही गरज नसते, "नक्की करू, याचे इतके होतील आणि डेडलाइन अमुक तारखेला जाईल" एवढं शांतपणे सांगितलं की बऱ्याचदा तो बदल आपोआप गरजेचा राहत नाही.

आता पैसे हातात येण्याबद्दल. पेमेंट उशिरा येणं हा जगभरातल्या फ्रीलान्सरचा त्रास आहे, इतका की त्यासाठी कायदे करावे लागले. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्याने धंद्यातल्या थकलेल्या बिलावर बँक ऑफ इंग्लंडच्या बेस रेटपेक्षा, म्हणजे तिच्या मूळ व्याजदरापेक्षा, ८ टक्के जास्त इतकं व्याज मागता येतं. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून खास फ्रीलान्सरसाठी कायदा लागू आहे, ठरावीक रकमेवरच्या कामाला लेखी करार लागतो, आणि करारात पेमेंटची तारीख नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. हे सांगतोय ते अशासाठी की आपल्याच कष्टाचे पैसे मागताना खूप जणांना ओशाळल्यासारखं होतं, "बरं दिसत नाही" म्हणून महिना महिना गप्प बसतात. अहो, ज्यासाठी सरकारं कायदे करतात ते मागण्यात कसली लाज!

पण कायद्यापर्यंत जायची वेळच न आलेली बरी, आणि त्यासाठी ॲडव्हान्ससारखं दुसरं काही नाही. नवीन क्लायंट असेल तर काही भाग आधी, मोठं काम असेल तर टप्प्याटप्प्याने, आणि फायनल फाइल शेवटचा हप्ता आल्यावर. ॲडव्हान्सचा शब्द काढल्यावर जो क्लायंट चिडतो त्याच्याबद्दल तुम्हाला फार महत्त्वाची माहिती अगदी वेळेवर मिळालेली असते. इनव्हॉइस काम संपल्या दिवशीच पाठवा, त्यावर देय तारीख ठळक लिहा, "लवकरात लवकर" असं लिहू नका, त्याला काही अर्थ नसतो. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा सभ्य मेसेज. कंपनी मोठी असेल तर ज्याने काम दिलं त्याच्या हातात पेमेंट नसतंच, म्हणून अकाउंट्समध्ये कोणाला लिहायचं हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवलेलं बरं.

आणि काम येतं कुठून? प्लॅटफॉर्मवरून, म्हणजे क्लायंट आणि फ्रीलान्सरची गाठ घालून देणाऱ्या वेबसाइटवरून येतं, सुरुवातीला त्याचा उपयोगही होतो. पण तिथलं रेटिंग तिथेच राहतं. १९९९ मध्ये सुरू झालेलं ईलान्स नावाचं असंच एक प्लॅटफॉर्म पुढे ओडेस्क नावाच्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मबरोबर एक झालं आणि २०१५ मध्ये त्याचं अपवर्क झालं, म्हणजे नाव, नियम, कमिशन सगळं बदलू शकतं आणि आपल्याला कोणी विचारत नाही. ओळखी मात्र आपल्याबरोबर येतात. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली, जवळपास ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि बाकीच्यांना तर क्वचितच भेटणाऱ्याकडून. कारण साधं आहे, जवळच्या लोकांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. अभ्यास नोकरीचा होता, पण मला वाटतं फ्रीलान्सरला तो जास्तच लागू होतो. जुना सहकारी, दोन वर्षांपूर्वीचा क्लायंट, एका कार्यक्रमात भेटलेली बाई, या सगळ्यांना माहीत हवं की तुम्ही सध्या नक्की काय काम करता. वर्षातून दोनदा त्यांना आपणहून लिहा, हात भरलेले असताना लिहा, काही मागू नका, नवीन काय केलं ते सांगा आणि त्यांचं काय चाललंय ते विचारा.

हे हात भरलेले असतानाच का, तर कामाला भरती-ओहोटी असते म्हणून. तीन महिने मान वर करायला वेळ नसतो, त्या काळात नवीन कोणाशी बोलणं होत नाही, आणि मग ती कामं संपतात तेव्हा पुढचं काहीच ठरलेलं नसतं. त्यातून निम्म्याहून जास्त कमाई एकाच क्लायंटकडून येत असेल तर ती नोकरीच झाली, फक्त नोकरीतलं संरक्षण वजा करून. काही महिन्यांचा खर्च बाजूला असला ना, तर असल्या क्लायंटशी बोलताना आवाज आपोआप वेगळा येतो.

तो खर्च बाजूला पडला, हात भरले, की रेट वाढवा. आधी नवीन क्लायंटना वाढलेला आकडा सांगा, ते हो म्हणताहेत असं दिसलं की जुन्यांना दोन महिने आधी लेखी कळवा, कारणांचा निबंध नको, नवा आकडा आणि कधीपासून लागू ते, बस. काही जण थांबतील, काही घासाघीस करतील, एखादा जाईल. जाणाऱ्याला त्याच्या बजेटमध्ये बसेल असा एखादा चांगला नवा फ्रीलान्सर सुचवा आणि या क्लायंटचा नंबर यादीतून काढू नका, वर्षातून दोनदा ज्यांना लिहायचं त्यात आता तो पण आहे.