चोविसाव्या हिश्शाचा हिशेब

मंडळी, प्लॅस्टिकच्या मॉडेल-मोटारीचं किट जोडणं कुणालाही जमतं. सूचनापत्रकावर आकडे असतात, तेच आकडे भागांच्या चौकटीवर असतात, हातात गोंद असतो. पण जोडून झालेली गाडी खेळणं दिसते की खऱ्या गाडीचा फोटो वाटते, हे ठरतं जाडीवर. म्हणून आज रंग, गोंद, हत्यारं या सगळ्यांबद्दल बोलताना एकच भागाकार पुन्हा पुन्हा करायचा आहे.

मोटारींच्या किटमध्ये दोन प्रमाणं जास्त चालतात. तामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा या जपानी कंपन्यांच्या गाड्या बहुतेक १:२४ (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या), तर एएमटीसारख्या अमेरिकी कंपन्यांच्या १:२५. खऱ्या गाडीत दाराभोवतीची फट साधारण ४ ते ५ मिलिमीटर असते. २४ नं भागा, ०.२ मिलिमीटर उरते. खऱ्या पत्र्यावरचा रंग, अस्तराच्या प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअरपर्यंत सगळे थर धरून, ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याला २४ नं भागलं तर ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे चार हजारांश! इतका पातळ थर आपल्यापैकी कुणीच मारू शकत नाही. हात जरा सैल सुटला की मॉडेलवर १०० मायक्रॉन सहज चढतात, म्हणजे खऱ्या गाडीवर जवळपास अडीच मिलिमीटर रंग. आता दाराची फट ०.२ मिलिमीटर, आणि तिच्या दोन्ही कडांवर ०.१ चढला. फट गेली.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. रंगाचा डबा हातात घेण्याआधी बॉडीवरची प्रत्येक पॅनेल-रेघ, म्हणजे दारं-बॉनेटच्या फटी दाखवणारी खाच, खोल करून घ्या. रुंद नव्हे, खोल. यासाठी ०.१५ मिलिमीटरचा स्क्राइबर, म्हणजे रेघ कोरायचं हत्यार, उत्तम. तो नसेल तर सुरीच्या पात्याची पाठ चालते. पहिल्या दोन-तीन फेऱ्या पात्याच्या नुसत्या वजनानं द्यायच्या. जोर लावला की पातं वळणावर रेघ सोडून पळतं आणि मडगार्डवर ओरखडा येतो. तो पुटीनं (भरावाच्या लेपानं) भरता येतो, पण पुटी सुकून आकसते, म्हणून एक दिवस थांबल्याशिवाय घासू नका.

भाग चौकटीतून कापताना कटर भागाला चिकटवून लावू नका. एक-दोन मिलिमीटर देठ ठेवून पहिला काप, मग दुसरा, आणि उरलेलं ४०० आणि ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं. एकदम कापलं की प्लॅस्टिक ताणलं जाऊन पांढरा डाग पडतो. बॉडीवर साच्याच्या दोन भागांची रेघ असतेच. मडगार्डच्या माथ्यावर आणि छताच्या खांबांवर बोट फिरवा, नखाला लागते. पुष्कळ जण ती पाहतच नाहीत आणि चकाकी आल्यावर ती ओरडायला लागते. मग कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून सगळे भाग धुवा, कारण साच्यातून सुटण्यासाठी वापरलेलं तेलकट द्रव्य काही वेळा भागांवर राहतं आणि त्यावर रंग धरत नाही.

रंगाकडे येऊ. लाल प्लॅस्टिकमध्ये ओतलेली बॉडी पांढरी किंवा पिवळी करायची असेल तर सावध राहा. लॅकरमधलं (झटपट सुकणाऱ्या रंगातलं) तीव्र द्रावक प्लॅस्टिकमधला लाल रंग वर ओढून आणतं आणि चार दिवसांनी पांढरी गाडी गुलाबी होते. अशा वेळी प्रायमरखाली चंदेरी रंगाचा एक थर द्यावा, तो आड येतो. थरांचा एक नियम पक्का: लॅकरवर इनॅमल (सावकाश सुकणारा, सौम्य द्रावकाचा रंग) चालतं, इनॅमलवर लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो.

स्प्रेचा डबा वापरण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. हाताला सोसेल इतकंच कोमट. शेगडीजवळ डबा नेणं म्हणजे स्फोटाला बोलावणं. कोमट डब्यातून थेंब बारीक पडतात. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. त्याहून लांब गेलात तर रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा येतो. जवळ आलात तर ओघळ. पहिले दोन हात धुक्यासारखे, खालचं दिसत राहील इतके विरळ. मध्ये दहा-पंधरा मिनिटं. मगच एक ओला हात, आणि फवारा बॉडीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे संपवायचा. हवा दमट असेल तर काम पुढे ढकला. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि लॅकरवर दुधी झाक येते.

डिकल, म्हणजे पाण्यात सोडवून चिकटवायची छापील चित्रं, लावून झाल्यावर क्लिअरचा पहिला हात जपून. ओला लॅकर क्लिअर थेट डिकलवर बसला तर डिकल चुरगळतो. दोन-तीन विरळ हातांनंतर ओला हात चालतो. आठवडाभर सुकू द्या, मग २००० नंबरच्या पेपरपासून चढत ८००० पर्यंत पाणी लावून घासा, शेवटी चकाकीसाठी कंपाउंडची पेस्ट. कडांवर घासू नका. ओला रंग कडेपासून मागे ओढला जातो, त्यामुळे थर तिथेच सर्वांत पातळ असतो आणि बॉनेटच्या धारेवर प्रायमर डोकावायला वेळ लागत नाही.

आता तपशील, आणि इथं भागाकार फार मजेदार होतो. खऱ्या इंजिनात स्पार्क प्लगची वायर ७ ते ८ मिलिमीटर जाडीची, म्हणजे आपल्याला ०.३ मिलिमीटरची तार हवी. हाताशी आहे म्हणून अर्ध्या मिलिमीटरची लावलीत तर ती खऱ्या इंजिनात बागेच्या नळीएवढी दिसेल. व्ही-८ ला (आठ सिलिंडरच्या इंजिनाला) नऊ वायरी: आठ प्लगना, एक कॉइलला. डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीला हातड्रिलनं ०.३५ चं भोक पाडा. ड्रिल दाबू नका, फिरवू द्या, नाहीतर टोक आतच मोडतं. शेव्हरलेच्या जुन्या स्मॉल-ब्लॉक इंजिनाचा ज्वलनक्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. बॉनेट उघडं ठेवणार असाल तर वायरी त्या क्रमानं जोडा. जाणकार नेमकं तेच मोजतात.

खिडक्यांभोवतीच्या क्रोमपट्टीला चंदेरी रंग लावणं मला तरी पटत नाही. पाठीला गोंद असलेलं अतिपातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइल पट्टीपेक्षा थोडं मोठं कापा, कापसाच्या काडीनं कोपऱ्यांत बसवा आणि नव्या कोऱ्या पात्यानं हलक्या हातानं काठ कापा. बोथट पातं फॉइल फाडतं. उठावदार नावाच्या अक्षरांसाठी उलटं करायचं: रंगाआधी त्यांच्यावर फॉइल, मग रंग, आणि तो सुकल्यावर अक्षरांच्या माथ्यावरचाच रंग थिनर लावलेल्या काडीनं पुसायचा. इतकी बारीक अक्षरं ब्रशनं कुणाला जमत असतील तर त्यांनी हे ऐकलं नाही असं समजावं.

किटमधल्या क्रोमच्या भागांवर मॉडेलचा गोंद धरत नाही, कारण तो खालचं प्लॅस्टिक विरघळवून जोडतो आणि मुलामा मध्ये येतो. सांध्याच्या जागी मुलामा खरवडा. काचांना सुपरग्लू लावू नका. त्याच्या वाफेनं काच आतून धुरकट होते आणि छत चिकटलेलं असेल तर हातही पोचत नाही. सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद पुरतो.

टायरच्या मधोमध साच्याची रेघ असते, ती २४० च्या पेपरनं घासली की चमकही जाते आणि टायर रस्त्यावर चाललेला दिसतो. मऊ विनाइलच्या टायरांमधलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षं पाझरतं आणि पॉलिस्टायरीनची रिम अक्षरशः वितळवतं. जुन्या किटमध्ये हे नेहमी सापडतं. टायर चढवण्याआधी रिमच्या कडेला त्याच फॉइलची एक पट्टी गुंडाळा; जाडी काहीच वाढत नाही.