शेवटचं ठीक कधी पाहिलंत?

(दृश्य: रात्रीचं परळ. कॅज्युअल्टीच्या दारात टॅक्सी थांबते. दोघेजण एका वयस्कर माणसाला धरून उतरवतात.)

निवेदन:

त्यांचं तोंड डावीकडे ओढलं गेलंय. उजवा हात लोंबतोय. काहीतरी सांगायचंय, पण शब्द येत नाहीत. वॉर्डबॉय स्ट्रेचर आणतो. निवासी डॉक्टर नाडी बघता बघताच घरच्यांना विचारतात, "हे शेवटचे ठीक कधी होते? कुणी पाहिलं होतं?"

घरची माणसं एकमेकांकडे बघतात. मुंबईतल्या घरांतून या प्रश्नाला क्वचितच घड्याळातलं उत्तर येतं. "देवाजवळ दिवा लावला तेव्हा नीट बोलत होते." "दादरला गाडी बदलली तेव्हा फोन आला होता." "रात्री जेवून झोपले, पहाटे पाणी आलं म्हणून हाक मारली तर ओ देईनात." डॉक्टर त्यातून वेळ शोधत असतात. फोनमधला शेवटचा कॉल कितीचा? वॉचमनने कधी पाहिलं? ही लक्षणं पक्षाघाताची, म्हणजे ब्रेन स्ट्रोकची. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर पुढचा उपचार कोणता आणि तो देता येईल का, हे बरंचसं या एका वेळेवर ठरतं.

(दृश्य: मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं रेखाचित्र.)

मेंदूला रक्त चार मोठ्या धमन्यांतून मिळतं. दोन मानेच्या पुढच्या बाजूने वर जातात, दोन मणक्यांतून मागच्या बाजूने. कवटीच्या तळाशी त्या जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने १६६४ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. एक वाट बंद पडली तर दुसरीकडून रक्त फिरवायची सोय या कड्यात आहे. पण ते सगळ्यांचंच पूर्ण नसतं आणि कड्यापुढच्या फांद्यांना ही सोय फारशी मिळत नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण त्याला ऑक्सिजन लागतो वीस टक्के. साठा म्हणावा असा काहीच नाही. त्यामुळे रक्त थांबलं की मधला भाग काही मिनिटांत मरतो. भोवतालचा भाग मात्र शेजारच्या बारीक वाहिन्यांतून मिळेल तेवढ्या रक्तावर तग धरून असतो. त्याचं काम बंद पडलेलं असतं, पण तो जिवंत असतो. सगळी धावपळ त्या भागासाठी चाललेली असते. मोठी धमनी बंद असेल आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला.

(दृश्य: सीटी स्कॅनची खोली. काचेपलीकडे तंत्रज्ञ.)

आधी सीटी स्कॅन. पक्षाघाताच्या दहातल्या साधारण आठ रुग्णांची रक्तवाहिनी बंद पडलेली असते, बाकीच्यांची फुटलेली असते. नुसतं बघून हे दोन्ही ओळखू येत नाहीत आणि उपचार मात्र अगदी उलटे. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्राव झालेल्याला दिलं तर ते जिवावर बेतेल. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं. गुठळीचा परिणाम पहिल्या काही तासांत बऱ्याचदा दिसतच नाही. इथे घरच्यांचा गोंधळ होतो. "स्कॅन नॉर्मल आहे म्हणता, मग एवढं महागाचं इंजेक्शन कशाला?" अशा वेळी नॉर्मल स्कॅन ही चांगली बातमी असते. रक्तस्राव झालेला नाही आणि मेंदूचा बराच भाग अजून वाचवता येईल, असा त्याचा अर्थ.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा पक्षाघातात उपयोग होतो, हे १९९५ साली अमेरिकेतल्या एका चाचणीने दाखवलं. तेव्हा मुदत होती झटका आल्यापासून तीन तासांची. २००८ साली ती साडेचार तासांपर्यंत वाढली. अशी दोन औषधं आहेत. अल्टेप्लेजचा थोडा डोस एकदम आणि उरलेला तासाभरात सलाइनमधून देतात. टेनेक्टेप्लेज एकाच इंजेक्शनमध्ये देऊन होतं. दोन्हींत मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, शंभरातल्या काही जणांना तो होतोही. डॉक्टर ते लपवत नाहीत, आणि सही मात्र दोन-चार मिनिटांत मागतात. "गावाहून मोठे काका येऊ देत, मग ठरवू," असं म्हणून थांबणाऱ्यांची घालमेल समजते, पण त्या थांबण्यात मेंदू जातो.

(दृश्य: कॅथलॅब, म्हणजे नळी घालून धमन्यांवर उपचार करायची खोली. पडद्यावर धमन्यांची काळी जाळी, एका ठिकाणी अचानक तुटलेली.)

मोठी धमनी बंद असेल तर नुसतं इंजेक्शन अनेकदा पुरत नाही. मग जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेतात. जाळीदार स्टेंट गुठळीत उघडतात आणि गुठळीसकट मागे ओढून घेतात, किंवा ती नळीतून शोषून काढतात. डॉक्टर एक्स-रेवर दिसणारं द्रव्य, म्हणजे डाय, सोडतात आणि मघाशी कोरी दिसणारी बाजू फांद्या-फांद्यांनी भरत जाते. बाहेर काढलेली गुठळी गॉझवर ठेवलेली असते. लालसर, शेवईच्या तुकड्याएवढी. एवढ्याशा गोष्टीने एका माणसाचं बोलणं बंद केलं होतं, हे बघताना अंगावर काटा येतो.

या उपचाराचा ठोस पुरावा २०१५ साली एकामागोमाग आलेल्या पाच चाचण्यांनी दिला. २०१८ साली निवडक रुग्णांसाठी मुदत २४ तासांपर्यंत गेली, अर्थात स्कॅनमध्ये वाचवण्याजोगा भाग दिसला तरच. झोपेत झटका आलेल्यांनाही आता एमआरआयच्या आधारे इंजेक्शन देता येतं. म्हणून "रात्रीच झालं असेल, आता काय उपयोग" असं म्हणून घरी बसू नका.

(दृश्य: सकाळचं स्टेशन. पुलाखाली बसलेला माणूस, बाजूने जाणारी गर्दी.)

मुंबईत हे सगळे उपचार होतात. मग वेळ जातो कुठे? बराचसा रुग्णालयाच्या बाहेर. स्टेशनवर कोसळलेला माणूस प्यायलेला समजून लोक पुढे जातात. घरी "पित्त झालंय, पडू दे जरा" म्हणून चादर टाकली जाते. कुणी कांदा हुंगवतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून बोटांना सुई टोचतं, कुणी साखरपाणी पाजतं. गिळायची ताकद गेलेली असेल तर ते पाणी फुप्फुसात जातं. घरातली अ‍ॅस्पिरिन किंवा बीपीची जादा गोळी देणंही धोक्याचं, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे घरी कळत नाही. वारं गेलं म्हणून कबुतराच्या रक्ताने मालीश करणारेही अजून आहेत. ते करणाऱ्यांची माया खरी असते, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

मग अंतर. केईएम १९२६ पासून परळला उभं आहे. जे. जे., नायर, सायनही मूळ शहरातच. माणसं मात्र विरार, बदलापूर, पनवेलपर्यंत पसरली. विरारहून परळ पन्नासेक किलोमीटर. त्यात पहिल्या दवाखान्यात सीटी नसतो, दुसऱ्यात रात्री न्यूरोलॉजिस्ट नसतो, आणि तिसऱ्याच्या दारात पोचेपर्यंत साडेचार तास उलटून गेलेले असतात. म्हणून आपल्या घरापासून चोवीस तास सीटी आणि हे इंजेक्शन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. १०८ ला फोन करतानाही पक्षाघाताचा संशय आहे, हे स्पष्ट सांगा.

न्यूरोलॉजिस्ट डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या एका भागातल्या १,५६,८६१ लोकांची पाहणी केली. पहिल्यांदाच पक्षाघात झालेले ४५६ जण सापडले. त्यांतले जवळजवळ ३० टक्के २८ दिवसांच्या आत गेले. ही आपल्याच शहरातली माणसं.

ओळखायचं कसं? अचानक तोल गेला, नजर अंधारली किंवा दोन-दोन दिसू लागलं, हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला गेलं, दोन्ही हात पुढे धरल्यावर एक खाली आला, "पंढरपूरची वारी" म्हणायला सांगितलं तर जीभ अडखळली. यांतलं एकही पुरेसं आहे. लगेच वेळ बघा.

(दृश्य: डीएसएची, म्हणजे डाय सोडून काढलेल्या धमन्यांच्या एक्स-रेची चित्रफीत. धमनीच्या फाट्यावर छोटा फुगवटा.)

आता फुटलेल्या वाहिन्यांकडे. वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी मेंदूच्या खोल भागातल्या केसाएवढ्या धमन्या कमकुवत करतं, आणि एक दिवस त्यांतली एखादी फुटते. अशा वेळी पहिल्या काही तासांत बीपी सावधपणे खाली आणणं महत्त्वाचं. ऑपरेशन सगळ्यांनाच लागत नाही.

धमनीच्या फाट्यावरचा फुगवटा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटला तर क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी होते. रुग्ण सांगतात, "आयुष्यात एवढं कधी दुखलं नव्हतं." तिला मायग्रेन म्हणून गोळी देऊन घरी पाठवलं, तर पुन्हा फुटण्याची भीती असते आणि दुसरा रक्तस्राव पहिल्यापेक्षा घातक ठरतो. धमन्यांत डाय सोडून एक्स-रे काढायची पद्धत पोर्तुगीज डॉक्टर एगाश मोनिश यांनी १९२७ साली लिस्बनमध्ये आणली. १९३७ साली अमेरिकन सर्जन वॉल्टर डँडी यांनी फुगवट्याच्या मानेला क्लिप लावली. १९९० च्या दशकापासून कवटी न उघडता, आतूनच प्लॅटिनमची कॉइल भरता येऊ लागली. क्लिप की कॉइल, हे फुगवट्याची जागा आणि आकार बघून ठरतं. फुगवटा बंद झाला तरी रुग्ण दोन आठवडे नजरेखाली लागतो. त्या काळात आजूबाजूच्या धमन्या आकसतात, म्हणून निमोडिपिनच्या गोळ्या २१ दिवस देतात.

आणखी एका आजाराबद्दल फार कमी बोललं जातं. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्येही गुठळी होते, आणि बाळंतिणीला तिचा धोका जास्त. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. त्यात "ओलं अंग आहे, पाणी कमी पी" असं घरात सांगितलं जातं. दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं, फिट येणं, याला बाधा किंवा अशक्तपणा म्हणू नका. एमआरआयमध्ये शिरा दिसतात आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिन या औषधाने बहुतेक जणी बऱ्या होतात. आयांनो, सासवांनो, तिला पोटभर पाणी पिऊ द्या.

(दृश्य: ओपीडी. बाकावर बसलेले रुग्ण, हातात फायली.)

शेवटी एक असा झटका, ज्याची तक्रार घेऊन फारसं कुणी येतच नाही. हात दहा मिनिटं बधिर झाला, बोलणं अडखळलं आणि आपोआप सगळं ठीक झालं. गुठळी आली आणि विरघळून गेली. पुढचा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वात जास्त असतो. मानेतल्या धमनीत चरबीचा थर आहे का, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, हे सोनोग्राफी आणि ईसीजीतून कळतं. मानेची धमनी खूप अरुंद झाली असेल तर दोन आठवड्यांच्या आत ती साफ करण्याचा सर्वाधिक फायदा होतो. म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. आणि ती दहा मिनिटं किती वाजता सुरू झाली होती, तेही डॉक्टरांना सांगा.