पायवाट आधीची, रस्ता नंतरचा

(दृश्य: ओल्या फडक्याखाली फुगत चाललेली पावाची कणीक)

फडकं जरा उचलून बघा. मघाशी मुठीएवढा असलेला गोळा आता दुप्पट झालाय. आत यीस्ट साखर खातंय आणि वायू सोडतंय.

हे काम जिवंत पेशीच करू शकते, असं पूर्वी ठामपणे मानलं जायचं. मग जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळू घालून खलात घोटलं आणि दाबून त्याचा रस काढला. त्यात जिवंत पेशी उरल्या नव्हत्या. रस टिकावा म्हणून साखर घातली, तर त्यातून बुडबुडे यायला लागले! १८९७ साली त्यांनी हे जाहीर केलं. पेशी फुटली तरी तिची विकरं, म्हणजे एन्झाइम, राबत होती.

(दृश्य: ग्लुकोजच्या रेणूचं रेखाटन, टप्प्याटप्प्याने तुटताना)

ग्लुकोज या साखरेपासून पायरुवेट नावाच्या छोट्या रेणूपर्यंत दहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला वेगळं विकर. सुरुवातीला पेशी दोन एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारे रेणू, पदरचे घालते, पुढे चार कमावते. हाती उरतात दोन. यीस्टमध्ये हेच चालतं, जिना चढताना तुमच्या पोटऱ्यांतही हेच. आणि ही पेशीतली फक्त एक वाट. अशा कितीतरी वाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात.

पण विकरं घडवायला ऊर्जा लागते, आणि ऊर्जा मिळवायला विकरं. मग सुरुवात झाली कशी?

(दृश्य: प्रयोगशाळेतली काचेची कुपी)

२०१४ साली केंब्रिजमध्ये मार्कुस राल्सर यांच्या गटाने आदिम समुद्रासारखं पाणी तयार केलं. प्राणवायू वगळला, लोह विरघळवलं, तापमान ७० अंश ठेवलं. या दहा पायऱ्यांवरचे साखरेचे रेणू त्यात सोडले. विकर एकही नव्हतं. तरी रेणू बदलत गेले, पायरुवेटसुद्धा मिळालं!

यात साखर मुख्यतः तुटत होती. ती मुळात घडली कशी, हे कोडं उरतंच. तरीही मला वाटतं, पायवाट आधीची असावी. विकरांनी तिचा रस्ता केला.

लोह तर आजही कामावर आहे. तुमच्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशींच्या ऊर्जाघरांत, एका मोठ्या प्रथिन-संकुलात लोह आणि गंधकाचे आठ पुंजके आहेत, त्यांतले सात एका रांगेत. सकाळी खाल्लेल्या पावातले इलेक्ट्रॉन आत्ता त्या रांगेतून, एका पुंजक्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत, प्राणवायूकडे निघालेत.