हर्णैचा किल्ला आणि लंडनचा मनोरा

श्रोतेहो, नमस्कार.

दापोलीहून निघाल्यावर रस्ता उताराला लागतो, गाडीत खारा वास शिरतो, की समजायचं हर्णै आलं. अंतर १५-१६ किलोमीटर. पोचायचं मात्र दुपार कलताना. मासळीचा लिलाव सकाळीही होतो, पण बघावा तो संध्याकाळचा. मोठ्या बोटी आत खोल पाण्यात नांगरलेल्या असतात. त्यांच्यावरची मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून पुळणीवर येते. लाटा अंगावर घेत पाण्यात शांत उभे राहणारे बैल मी दुसऱ्या कुठल्याच बाजारात पाहिले नाहीत. पापलेट, हलवा, बांगडे, कोळंबी यांचे ढीग वाळूवर पडतात, बोली सुरू होते, आणि तुम्ही सुरमईचा भाव विचारेपर्यंत ती कुणाच्या तरी टोपलीत गेलेली असते.

इथे एक सांगून ठेवते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचे दिवस. त्या दिवसांत कोकणात येऊन ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये. घरोघरी सोडे असतात, सुके बोंबील असतात, जवळा असतो. बाहेर पाऊस कोसळतोय आणि ताटात गरम भात नि सुक्या जवळ्याची चटणी, याच्यापुढे मला तरी सुरमई आठवत नाही. असो, आपण बंदरावर होतो.

बंदरावर किनाऱ्याला तीन किल्ले आहेत. कनकदुर्ग, त्याच्यावर दीपगृह. फत्तेदुर्ग, त्याच्यावर आता कोळ्यांची घरं. आणि गोवा किल्ला, तटबंदीसाठी बघावा असा. चौथा समोर पाण्यात, सुवर्णदुर्ग. तीन जमिनीवर, एक पाण्यात. वेळ असेल तर आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा, नाहीतर महर्षी कर्व्यांच्या मुरूडला जा. पण आधी होडी ठरवा आणि सुवर्णदुर्ग बघा.

मी गेले त्या दिवशी होडीवाला म्हणाला, "ताई, तासाभरात फिरा. सुकती लागली की होडी खडपावर बसंल." सुकती म्हणजे ओहोटी. धक्का नव्हताच, गुडघाभर पाण्यात उतरलो. दरवाजाच्या पायरीवर दगडात कोरलेलं कासव आहे, बाजूच्या भिंतीवर मारुती. होडीवाल्यानं आधी मारुतीला हात जोडले, मग मला आत सोडलं.

तटावर बसून मी त्याला इतिहास सांगायला लागले. कान्होजी आंग्र्यांच्या नावानं परक्या जहाजांना कशी धडकी भरायची, ते सांगितलं. मग १७५५चा एप्रिल. कंपनी सरकारचा कमोडोर विल्यम जेम्स तोफा घेऊन आला, आणि पेशव्यांचं आरमार त्याच्या बाजूला! किल्ला कान्होजींचे चिरंजीव तुळाजी आंग्रे यांचा होता, आणि पेशव्यांशी त्यांचं बिनसलं होतं. सुवर्णदुर्ग पडला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६मध्ये, विजयदुर्गाच्या पाण्यात आंग्र्यांचं आरमार जळालं. नानासाहेब पेशव्यांची ही चूक मला आजही माफ करता येत नाही. भाऊबंदकीचा राग समजतो, पण म्हणून आपल्या दर्यावरचं आपलंच बळ परक्याच्या हातानं मोडायचं?

होडीवाला सगळं ऐकून म्हणाला, "आम्हांला हा किल्ला म्हणजे आडोसा. वारा सुटला की बोटी याच्या आड येतात. आणि दीपगृह नि हा बुरूज एका रेघेत धरला, की खडक कुठं ते कळतं. माझ्या बापानं शिकवलं."

मग मी त्याला माझी आवडती गोष्ट सांगितली. लंडनमध्ये शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. विल्यम जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोनं त्या टेकडीवर १७८४ साली त्याच्या आठवणीसाठी एक तिकोनी मनोरा बांधला, आणि नाव दिलं सेव्हर्नड्रूग. सेव्हर्नड्रूग म्हणजे आपला सुवर्णदुर्ग! इंग्रजांच्या जिभेवर नावाचं असं झालं. मनोरा आजही उभा आहे.

तो ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होता, "सेवरनडुरुग, सेवरनडुरुग." मग विचारलं, "तिथं समुद्र हाय?"

"नाही. झाडी आहे."

"मग बोटी कुणाच्या आड येतात?"

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं ही गोष्ट लोकांना सांगत आले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

परत आलो तेव्हा लिलाव ऐन रंगात होता. त्याची बायको कोळंबीच्या ढिगाजवळ उभी. त्यानं होडीतूनच हाक मारली, "ऐकलंस गं? लंडनला एका बाईनं नवऱ्याच्या आठवणीसाठी सुवर्णदुर्ग बांधलाय! डोंगरावर, झाडीत!"

तिनं हातातल्या नोटा मोजून कमरेला खोचल्या. "कधी?"

"अडीचशे वर्षं होत आली," मी म्हणाले.

ती क्षणभर किल्ल्याकडे बघत राहिली. "नवरा दर्यावर जायचा ना तिचा," ती म्हणाली. "मग वाट बघायला बांधला असंल." आणि पुढच्या ढिगावर बोली लावायला वळली.