उभ्यानं बघायचा खेळ

[दृश्य: बर्फानं भरलेला चढ. अंधार पडलाय. लाल टोप्यांची रांग वर चाललीय.]

संध्याकाळचे साडेपाच. हॉकीचा सामना सातला आहे.

गाव इथाका, न्यूयॉर्क राज्य. न्यूयॉर्क शहर इथून बसनं चार-पाच तासांवर. टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ, खाली कायुगा नावाचं लांबलचक सरोवर. चढ असा की पहिल्याच वळणावर कॅमेरा माझ्या हातून ताईच्या हातात गेला. त्यामुळे पुढची दोन मिनिटं चित्र हलतंय ते माझ्या धापेमुळे नाही.

[दृश्य: गोंड्याची टोपी घातलेली मुलगी, पाठमोरी.]

ही ताई, माझी मामेबहीण. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. करून इथे पीएच.डी.ला आली. विषय माती. फिल्ममध्ये नाव घालायचं नाही अशी तिची अट आहे, कारण शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी ती लॅबमध्ये असते अशी मामींची समजूत आहे.

[दृश्य: रिंकचं दार. आतला पांढरा उजेड.]

हे लायना रिंक. 1957 साली उघडलं. त्याआधी विद्यापीठाची मुलं बीबी लेक नावाच्या गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळायची, म्हणजे थंडीनं दगा दिला की खेळ बंद. जेम्स लायना इथलेच 1905 सालचे पदवीधर, पुढे इथलेच क्रीडासंचालक. रिंकला त्यांचं नाव.

हॉकी म्हणजे अर्थात बर्फावरची. एका वेळी सहा-सहा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, आणि चेंडूऐवजी पक नावाची कडक रबराची चकती. एवढं पुरे. पक टीव्हीवर दिसत नाही अशी तक्रार असते. प्रत्यक्षातही फारशी दिसत नाही.

आत 4,267 माणसं बसतात. ‘बसतात’ हे निम्मंच खरं. समोरच्या बाजूला गावातली मंडळी, निवृत्त प्राध्यापक, पोरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं, ती बसतात. या बाजूला विद्यार्थी. ते सामना संपेपर्यंत उभे. बाक आहेत, त्यांच्यावर जॅकेटं ठेवतात. त्यातही सगळ्यात मोठा आवाज ‘बी’ सेक्शनचा, आणि ताई ‘बी’मधली आहे.

या लोकांना म्हणतात ‘लायना फेथफुल’, लायनाचे निष्ठावंत. आपल्याकडे हा शब्द हल्ली फक्त पक्षांतराच्या बातम्यांत उरलाय.

[दृश्य: शेकडो वर्तमानपत्रं एकदम उघडतात. आवाज मूळ ठेवायचा, पाच सेकंद.]

हा शॉट मिळाला आणि फिल्म करायचीच हे ठरलं.

पाहुण्या संघाची नावं पुकारली जातायत. ‘बी’ सेक्शन पेपर वाचतंय. आजोबांनी सकाळी आरामखुर्चीत धरावा तसा, तोंड पूर्ण झाकून. एक नाव, आणि पेपरामागून आरोळी: “बोअरिंग!” दुसरं नाव, पुन्हा “बोअरिंग!” बर्फावर उभ्या पोराला दिसते ती फक्त कागदाची भिंत. नावं संपतात, पेपर फडफडतात, त्यांचे बोळे होतात, आणि कॉर्नेलचा संघ बर्फावर उतरतो तेव्हा ते हवेत असतात.

पेपर कोणता? ‘कॉर्नेल डेली सन’. विद्यार्थ्यांचाच, 1880 पासूनचा. नावात डेली असलं तरी हल्ली तो रोज छापत नाहीत, म्हणून ताईच्या पलंगाखाली जुन्या अंकांचा गठ्ठा आहे. बातमी कधीची का असेना, वाचायचीय कुणाला?

[दृश्य: राष्ट्रगीत. गाणाऱ्या मुलीचा चेहरा जवळून.]

आता हिच्याकडे बघा. गाण्यात रॉकेटच्या लाल उजेडाची ओळ येते. संघाचं नाव ‘बिग रेड’. त्यामुळे त्या ओळीतला ‘रेड’ हा एक शब्द सगळं रिंक मिळून ओरडतं. मुलीला हे माहीत आहे. शब्दाच्या आधी तिनं घेतलेला श्वास बघा.

[दृश्य: एक मुलगा गाईच्या गळ्यातली लोखंडी घंटा वाजवतोय. टाळ्यांचा ठेका.]

हे सगळं पाठ कसं होतं? ताईला विचारलं तर ती म्हणाली, आरती कशी पाठ झाली तुझी? बरोबर आहे. पुस्तक धरून आरती कोण शिकलंय? शेजारचा ओरडतो, आपण ओरडतो, आणि ‘संकटी पावावे’च्या जागी ‘संकष्टी पावावे’ वर्षानुवर्षं खपून जातं. इथेही तसंच. घंटेचा ठेका सुरू झाला की टाळ्या कुठे आणि आरोळी कुठे, हे पहिल्या वर्षाची मुलं शेजाऱ्याच्या कोपरावरून शिकतात. ताईनं पहिला अख्खा हंगाम एका घोषणेतला शब्द चुकीचा म्हटला. कोणता ते ती अजून सांगत नाही.

[दृश्य: कॉर्नेलचा गोल. शेकडो बोटं एकाच दिशेला.]

“सीव्ह! सीव्ह!” म्हणजे चाळण. समोरच्या गोलकीपरच्या हातून सगळं गळतंय म्हणून. बोटं सगळी त्याच्याकडे, आणि शेवटी “सगळी चूक तुझीच!” तो ऐकत नसल्यासारखं करून पाण्याची बाटली उचलतो. पाहुण्या खेळाडूला दंड होऊन तो बाहेर जायला लागला की वेगळी घोषणा असते. ती इथे ऐकवता येणार नाही, आवाज मुद्दाम खाली आणलाय. बोस्टन युनिव्हर्सिटीला शिवी देणारं एक गाणंही आहे, मग बोस्टन आलेली असो वा नसो. त्याच्या शेवटी “आणि हार्वर्डलाही!” अशी पुरवणी जोडतात.

[दृश्य: छताला टांगलेले लाल-पांढरे झेंडे. कॅमेरा सावकाश सरकतो.]

या झेंड्यांवर थोडं थांबू.

1963 साली नेड हार्कनेस प्रशिक्षक म्हणून आले. कॉर्नेल हे आयव्ही लीग या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटातलं, खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही हा तिथला नियम. हार्कनेस यांनी कॅनडातून मुलं आणली. खेळू शकणारी, आणि प्रवेश मिळवू शकणारी. त्यातला एक उंच, चष्मेवाला गोलकीपर म्हणजे केन ड्रायडन. तीन हंगामांत त्याच्या नावावर 76 विजय, 4 पराभव, 1 बरोबरी. 1967 साली बोस्टन युनिव्हर्सिटीला 4-1 हरवून कॉर्नेलनं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, गोलात ड्रायडन. पुढे माँट्रियलकडून खेळताना त्यानं सहा वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीचं विजेतेपद, जिंकला, मग कॅनडात खासदार आणि मंत्री झाला. त्याचा 1 क्रमांक इथे 2010 मध्ये निवृत्त केला. तो झेंड्यावरचा आकडा. सप्टेंबर 2025 मध्ये ड्रायडन गेला.

[दृश्य: 1970 चा झेंडा. इथे कॅमेरा थांबतो.]

आणि हे वर्ष. 29 सामने, 29 विजय. पराभव नाही, बरोबरीसुद्धा नाही. अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीतल्या पुरुषांच्या कॉलेज हॉकीत त्याआधी किंवा नंतर कुठल्याही राष्ट्रीय विजेत्याला हे जमलेलं नाही. ड्रायडन तेव्हा पदवी घेऊन गेलेला होता, गोलात ब्रायन क्रॉपर. अंतिम सामना लेक प्लॅसिडला, क्लार्कसनविरुद्ध. तिसऱ्या भागात डॅन लोडबोआनं तीन गोल केले, आणि तो बचावपटू होता. 6-4. त्याच काळात इथे, या बुटक्या छताखाली, कॉर्नेलनं लागोपाठ 63 सामने जिंकले. 1967 ते 1972, पाच वर्षं घरी हार नाही. तेव्हा तिकिटांसाठी मुलं रात्र-रात्र रांगेत झोपायची.

1970 नंतर राष्ट्रीय विजेतेपद एकदाही नाही. पुढचे झेंडे बघू.

[दृश्य: रिंकच्या कडेला पेप बँड. ट्रंपेट. मुलं खांद्यावर हात टाकून डोलतायत.]

मला यातलं एक कोडं सुटत नव्हतं. ताईचं हे पाचवं वर्ष. ती आली तेव्हा जे खेळत होते त्यांपैकी आता इथे कुणी नाही. ती आली तेव्हा तिच्या शेजारी जे ओरडत होते त्यांतलेही जवळपास सगळे गेले. तीस वर्षं प्रशिक्षक राहिलेले माइक शेफर 2025 मध्ये निवृत्त झाले. तेही इथलेच खेळाडू. खेळत असताना हार्वर्डच्या सामन्याआधी त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर स्टिक मोडली होती, ती गोष्ट इथे अजून सांगतात. आता केसी जोन्स आहेत, तेही जुने विद्यार्थी. मुंबई इंडियन्सच्या चाहत्याला दहा-बारा वर्षं एखादा खेळाडू मिळतो, त्याच्या नावाचा शर्ट विरेपर्यंत घालता येतो. इथे चार वर्षांत माणूस संपला. मग ताईची निष्ठा नेमकी कशावर?

तिनं उत्तर दिलं, पण तेव्हा बँड वाजत होता, त्यामुळे ते रेकॉर्ड झालेलं नाही. ती उभी कुठे आहे तेवढं दिसतंय.

[दृश्य: हार्वर्डचा संघ बर्फावर येतो. काचेपलीकडे काहीतरी चमकून पडतं. फावडं घेतलेला कर्मचारी.]

आज पाहुणे हार्वर्ड आहेत. आणि बर्फावर पडला तो मासा.

गोष्ट 1973 ची सांगतात. कॉर्नेलमध्ये शेतकीचं मोठं कॉलेज आहे. म्हणून हार्वर्डच्या रिंकमध्ये कुणीतरी कॉर्नेलच्या गोलकीपरकडे मेलेली कोंबडी फेकली: जा, कोंबड्या पाळा. कॉर्नेलच्या पोरांनी उत्तर घरी आल्यावर दिलं. हार्वर्ड बोस्टनच्या शेजारचं, बोस्टन मासेमारीचं बंदर, म्हणून मासे. तेव्हापासून हार्वर्ड आलं की मासे.

राहुरीत शिकलेल्या मुलीला यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही. ‘शेतकी कॉलेजची पोरं’ हे कोणत्या सुरात म्हणतात ते तिनं पुण्यातल्या नातेवाइकांकडे चहा पिताना ऐकलेलं आहे. या एका गोष्टीपायी ती लायनाची झाली असं माझं मत आहे. ती म्हणते, काहीतरी बोलू नकोस.

मासा आत कसा येतो, ते चित्रित करायला कुणी परवानगी दिली नाही. दारावर पिशव्या तपासतात. जॅकेटच्या अस्तरात, पँटच्या पायात, एवढंच सांगतो. विकत घेतला की त्याला गोठवायचा का, कशात गुंडाळायचा, वास कसा मारायचा, आणि मुख्य म्हणजे काचेवरून जाईल इतका जोर यायला शेपटीकडून धरायचा की डोक्याकडून, यावर इथे गंभीर मतभेद आहेत. ताईचे मालवणी रूममेट म्हणतात, एवढा चांगला बांगडा फेकायचा? बांगडा कुणी फेकत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही.

हो, खेळ सुरू झाल्यावर काही फेकलं तर दंड कॉर्नेललाच बसतो, आणि समोर उभा असतो तो एकोणीस-वीस वर्षांचा मुलगाच.

[दृश्य: ताईच्या मोबाईलमधले तुकडे. बसच्या खिडक्या, लाल शर्टांचा जिना, लेक प्लॅसिडचं रिंक.]

हे माझं चित्रीकरण नाही, ताईचं आहे. इथले लोक पाठोपाठ जातात. हार्वर्डच्या रिंकमध्ये कॉर्नेलचेच लोक इतके भरतात की त्याला ‘लायना ईस्ट’ म्हणतात. 2007 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीशी सामना ठेवला, तेही भरलं. हरले. पण दर दोन वर्षांनी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात तिथे जायची रीत पडली.

2020 च्या मार्चमध्ये कॉर्नेल देशात पहिल्या क्रमांकावर होतं, 23 विजय, 2 पराभव, 4 बरोबरी. साथ आली, हंगाम रद्द झाला. गावातल्या एका आजोबांना मी त्याबद्दल विचारलं. त्यांचं बोलणं तसंच ठेवतोय.

[आजोबा बोलत नाहीत. नऊ सेकंद. कापू नये.]

2024 आणि 2025, लागोपाठ दोन वर्षं लेक प्लॅसिडला ईसीएसीची, म्हणजे पूर्वेकडच्या कॉलेजांच्या गटाची, स्पर्धा जिंकली. हा जो मोबाईल हवेत गेलाय तो तेव्हाचा. राष्ट्रीय स्पर्धेत 2025 ला बोस्टन युनिव्हर्सिटीनं जादा वेळेत 3-2 हरवलं, शेफर यांचा तो शेवटचा सामना. त्याचं चित्रण ताईकडे नाही. होतं, तिनं पुसलं.

[दृश्य: पुन्हा लायना. ध्वनिक्षेपक.]

“एक मिनिट बाकी,” असं निवेदक सांगतो. अख्खं रिंक त्याला नावानं हाक मारून धन्यवाद देतं. हे प्रत्येक भागाच्या शेवटी, म्हणजे सामन्यात तीनदा. स्टेशनवर गाडीची घोषणा करणाऱ्या बाईंना कुणी कधी धन्यवाद म्हटलेत?

[दृश्य: रिकामं रिंक. बाकांखाली पेपरचे बोळे, झाडू. बर्फ गुळगुळीत करणारी गाडी फिरतेय.]

निकाल फळ्यावर दिसतोय, वाचून घ्या.

[दृश्य: जिन्यावर ताई आणि पहिल्या वर्षाची एक मुलगी. ताई टाळीचा ठेका दाखवतेय. ओठ हलतायत, आवाज फुटत नाही.]

मे महिन्यात ताईचा प्रबंध जमा होईल. या मुलीला ‘बी’मध्ये उभं राहून तीनच आठवडे झालेत. ठेक्यातली तिसरी टाळी तिची चुकतेय. पुन्हा. आता बरोबर.

[दृश्य: दुसऱ्या दिवशी सकाळ. स्वयंपाकघर. लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल, पलीकडे राहुरीतली संध्याकाळ.]

मामी विचारतायत, घसा कशानं बसला?

ताई माझ्याकडे बघते आणि कॅमेरा बंद कर अशी खूण करते.