यंत्राचा निरोप यंत्राकरवी

(पुण्यात बायोमेडिकल इंजिनिअर आणि रुग्णालय कर्मचाऱ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नेटवर्क नसलेल्या वैद्यकीय यंत्रांतून देखभालीची माहिती बाहेर कशी काढायची, हा आजचा विषय ऐकून एकाने मला दारातच हटकलं, ‘पुण्यात बसून नेटवर्क नसण्यावर काय बोलणार?’ त्यांना म्हटलं, रेंज नसलेली जागा शोधायला पानशेतच्या पलीकडे जायला नको. शहरातल्या कुठल्याही एमआरआयच्या खोलीत उभे राहा. बाहेरच्या रेडिओ लहरी आत शिरून चित्र बिघडवू नयेत म्हणून ती खोली धातूच्या पत्र्याने मुद्दाम मढवलेली असते. मोबाईल आत न्यायची बंदी, आणि नेला तरी रेंज मिळायची नाही. तळघरातलं सीटी स्कॅन, घाटातून जाणारी रुग्णवाहिका, सोसायटीच्या लॉबीत नेटवर्कला न जोडता टांगलेला एईडी (हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं यंत्र), सगळ्यांची गत तीच.

जिथे नेटवर्क आहे तिथे आयटीवाले ते देत नाहीत, हा तुमचा नेहमीचा वैताग. पण त्यांची बाजू घ्यावी लागेल. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा संगणक कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या 236 पैकी किमान 81 ट्रस्टना (रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना) त्याची झळ लागली. त्यात एमआरआयसारखी यंत्रंही अडकली. जुन्या विंडोजवर चालणारं यंत्र नेटवर्कला जोडायचं नाही, हा निर्णय भित्रेपणाचा नाही.

मग देखभालीची माहिती बाहेर काढायची कशी? आधी ती असते केवढी ते बघा. व्हेंटिलेटर किती तास चालला, बॅटरी किती वेळा चार्ज झाली, ऑक्सिजन मोजणारा सेल कधी बदलला, शेवटचं कॅलिब्रेशन (मोजमापाची पडताळणी), सॉफ्टवेअरची आवृत्ती, शेवटचे दहा-वीस एरर कोड. एवढ्याला काही किलोबाइट पुष्कळ झाले. पेशंटचं नाव यात लागतच नाही, आणि येऊही देऊ नका. ते आलं की साध्या देखभालीच्या फाइलला गोपनीयतेचे सगळे नियम लागू होतात.

जुना मार्ग नऊ पिनांच्या सीरियल पोर्टचा. लॅपटॉपला तो पोर्ट आता नसतो. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत कन्व्हर्टर केबल मिळते, चालतेही. मात्र पेशंट जोडलेला असताना ती लावायची नाही. लॅपटॉपच्या चार्जरमधून येणारा गळती प्रवाह त्या तारेने यंत्रात आणि यंत्रातून पेशंटपर्यंत जाऊ शकतो. पेशंट सोडवा, लॅपटॉप बॅटरीवर घ्या, मग केबल. पेन ड्राइव्हबद्दल थोडक्यात: इराणच्या अणुकेंद्रात, नेटवर्कपासून तोडलेल्या यंत्रणेपर्यंत स्टक्सनेट हा व्हायरस पोचला तो यूएसबी ड्राइव्हवरूनच, असं मानलं जातं. 2010 मध्ये ते उघडकीला आलं. आपल्याकडे तोच पेन ड्राइव्ह ओटीतून अकाउंट्सच्या संगणकात जातो आणि संध्याकाळी घरी.

मला स्वतःला क्यूआर कोड आवडतो. जपानच्या डेन्सो वेव्हने 1994 मध्ये तो गाड्यांच्या सुट्या भागांचा माग ठेवायला काढला. सर्वांत मोठ्या कोडमध्ये 2,953 बाइट मावतात, म्हणजे आपला लॉग, ही देखभालीची नोंद, दोन-तीन कोडांत बसतो. यंत्राने पडद्यावर दाखवायचा, आपण टिपायचा. यंत्रात शिरायला वाटच नाही, त्यामुळे आयटीवाल्यांशी वादही नाही. दुसरी युक्ती एनएफसी चिपची, म्हणजे फोन जवळ नेला की वाचता येणाऱ्या चिपची. तिला वाचणाऱ्या उपकरणाकडूनच वीज मिळते, म्हणून मेन बोर्ड मेलेला असला तरी चिपमध्ये लिहिलेला शेवटचा एरर वाचता येतो. ब्रेकडाउन कॉलला याहून मोलाचं काय असणार?

आता खरी मजेदार गोष्ट. यंत्राने यंत्राकडे निरोप द्यायचा. लॉबीतला एईडी रोज स्वतःची चाचणी घेतो, पण पॅडची मुदत संपली हे सांगणार कुणाला? इंजिनिअरचा टेस्टर किंवा रुग्णवाहिकेतला डिफिब्रिलेटर (तेही झटका देणारंच यंत्र) जवळ आला की त्याच्याकडे नोंद सोपवायची. तो तळावर परतला की उतरवायची. ही कल्पना नवी नाही. डाकनेट प्रकल्पात कर्नाटकातल्या दोड्डबळ्ळापूरकडे एसटीसारख्याच सरकारी बसवर वायफाय बसवून गावागावांतला डेटा वाहिला होता. मात्र एकच नोंद दोन वाहकांकडून येणार, म्हणून प्रत्येक नोंदीला यंत्राचा सीरियल नंबर आणि चढता क्रमांक हवा. वाटेत कुणी फेरफार केला तर कळावं म्हणून डिजिटल सही हवी. आणि वाहकाकडे दिली म्हणून मूळ नोंद पुसायची नाही. पोच परत येईपर्यंत ठेवायची.

या सगळ्यापेक्षा मला जास्त छळलंय ते घड्याळाने. नेटवर्क नसलं की वेळ जुळवून देणारं कुणी नसतं. साध्या क्वार्ट्‌झ घड्याळाचा फरक दहा लाख सेकंदांत वीस सेकंद धरला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला दहा मिनिटं. आतला बटन सेल संपला तर यंत्र बरेचदा थेट 1 जानेवारी 2000 सारख्या तारखेला जाऊन बसतं. आता समजा, औषध देणाऱ्या पंपाचा अलार्म 3:10 चा आणि पेशंटच्या मॉनिटरचा 2:52 चा. आधी काय झालं? सिस्टर म्हणणार पंप, कंपनीचा माणूस म्हणणार मॉनिटर, आणि भांडण सुपरिंटेंडेंटच्या टेबलावर. म्हणून दोन नियम. घड्याळ दुरुस्त करायच्या आधी लॉग काढा, कारण घड्याळ फिरवलंत की जुन्या वेळा कशावरून मोजायच्या हेच हरवतं. आणि लॉग काढताना यंत्राची वेळ आणि तुमची वेळ एकाच क्षणी नोंदवा. पडद्यावर वेळ दिसत असेल तर क्यूआरच्या फोटोत हे आपोआप होतं. फोटोवर फोनची वेळ असतेच. तफावत वेगळ्या रकान्यात लिहा, मूळ आकडे बदलू नका.

एकाने चिठ्ठी पाठवली आहे: सर्व्हिस मेन्यूचा पासवर्ड कंपनी देत नाही, मग लॉग काढायचा कसा? एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, संपल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो. निविदेतच लिहून घ्या की देखभालीचा लॉग खरेदीदाराला पासवर्डशिवाय काढता आला पाहिजे, आणि कुठल्याही संगणकावर उघडेल अशा साध्या फाइलमध्ये. डेमोच्या दिवशी विक्रेत्याला यंत्राची नेटवर्कची केबल काढायला सांगा आणि लॉग मागा. तिथल्या तिथे निघाला नाही तर ती अट पूर्ण झाली नाही असा शेरा मारा, आणि त्याखाली त्याची सही घ्या.